पंपाचा क्रमांक हीच किल्ली: एक पेटंट, एक उघडी रेडिओवाट आणि २०१९ चं रिकॉल

२७ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एक इशारा काढला. मेडट्रॉनिकचे मिनीमेड ५०८ आणि पॅराडाइम मालिकेतले काही इन्सुलिन पंप जवळ असलेल्या कुणालाही रेडिओवरून ताब्यात घेता येऊ शकतात, आणि मग इन्सुलिन जास्त सोडणं किंवा पूर्ण थांबवणं त्याच्या हातात जातं, असा त्याचा आशय होता. कंपनीने पंपांचं रिकॉल सुरू केलं, म्हणजे विकलेले पंप परत मागवले. अमेरिकेत हे पंप वापरणारे साधारण ४,००० रुग्ण तिच्या नोंदीत सापडले. या पंपांत सॉफ्टवेअर बदलून दोष काढण्याची सोयच नव्हती, त्यामुळे उपाय उरला एकच: पंप बदला.

त्याच काळात हेच जुने पंप वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात शोधून शोधून घेतले जात होते. वॉरंटी संपलेले, कडा झिजलेले, तरी चालतील. घेणारे होते मधुमेही स्वतः किंवा मधुमेही मुलांचे आईबाप, आणि त्यांना पंप हवा होता तो नेमका याच दोषासाठी.

सायबर सुरक्षेची प्रकरणं सहसा सरळ असतात: भोक सापडतं, बुजवलं जातं, कुणाला तरी बोल लागतो. हे तसं नाही. याच्या मुळाशी एक पेटंट आहे, आणि त्या पेटंटमध्ये काय लिहिलं होतं हे नीट वाचलं तर पुढची वीस वर्षं तशीच का गेली याचा बराच उलगडा होतो.

शोध कशाचा होता

टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बाहेरून द्यावं लागतं. पंप दिवसभर थोडं थोडं देत राहतो, ते बेसल. जेवताना किंवा साखर चढल्यावर एकदम द्यायचा डोस म्हणजे बोलस. अंगावर बाळगता येईल अशा औषधपंपाचं एक सुरुवातीचं अमेरिकी पेटंट डीन केमन यांना १९७५ मध्ये मिळालं. नंतर आल्फ्रेड मॅन यांनी उभी केलेली मिनीमेड या क्षेत्रात पुढे आली आणि २००१ मध्ये मेडट्रॉनिकने ती विकत घेतली.

आपल्या कामाचं पेटंट आहे अमेरिकी क्रमांक ६,५५४,७९८. अर्ज १९९९ चा, मंजुरी २००३ ची, मालकी मिनीमेडची. शीर्षकातच तीन गोष्टी आहेत: दुरून प्रोग्रॅम करता येणारा बाह्य पंप, बोलस किती घ्यावा याचा अंदाज देणारी सोय आणि थरथरून सूचना देणारा अलार्म. आज हे किरकोळ वाटेल. पण तेव्हा बोलस घ्यायचा म्हणजे कपड्यांखालचा पंप बाहेर काढून चारचौघांत बटणं दाबत बसायचं. छोटा रिमोट खिशात असला की ते टळतं, आणि लहान मुलाचा डोस आईलाही देता येतो.

रिमोट आला की एक अडचण आपोआप येते. एकाच खोलीत दोघांकडे असे पंप असले तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याचा पंप चालू व्हायला नको. पेटंटात याला उत्तर आहे: प्रत्येक पंपाला स्वतःचा ओळखक्रमांक, आणि तो क्रमांक वाचून लक्षात ठेवणारा रिमोट. पंप फक्त आपला क्रमांक असलेलीच आज्ञा ऐकणार.

इथे थांबून बघण्यासारखं आहे. हा क्रमांक कशासाठी आहे? एक पंप दुसऱ्यापासून वेगळा ओळखता यावा यासाठी. म्हणजे अपघात टाळण्यासाठी. कुणी मुद्दाम खोटी आज्ञा पाठवेल, हा विचार त्या रचनेत नाही. शोधकांनी जो प्रश्न समोर ठेवला तो त्यांनी चोख सोडवला. पुढे उत्पादनात मात्र या क्रमांकावर असं ओझं आलं जे पेलण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. घराचा पत्ता हीच घराची किल्ली ठरावी, तसं झालं.

हवेत नक्की काय जात होतं

हे पंप अमेरिकेत ९१६.५ मेगाहर्ट्‌झवर आणि बाहेरच्या बऱ्याच देशांत ८६८.३५ मेगाहर्ट्‌झवर बोलत. पद्धत सर्वांत साधी: वाहक लहर चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. मूळ संदेशाचे दर चार बिट सहा बिटांत रूपांतरित होत, म्हणजे लांबच लांब शून्यांची रांग होऊन संदेश घेणाऱ्या रेडिओचा ताल चुकू नये. पॅकेट, म्हणजे एका संदेशाचा गठ्ठा, उलगडलं की आत आधी उपकरणाचा प्रकार, मग तीन बाइटांत पंपाचा सहा अंकी क्रमांक, मग आज्ञा, तिचे तपशील आणि शेवटी एक बेरीजवजा तपासणीचा बाइट.

या शेवटच्या बाइटबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. वाटेत गोंगाटाने बिट बिघडला तर तो लक्षात यावा, एवढंच त्याचं काम. त्याचं सूत्र ठरलेलं असतं आणि ते कुणालाही काढता येतं, त्यामुळे बनावट आज्ञेलाही अगदी बरोबर तपासणी-बाइट लावता येतो. संदेश कूटबद्ध नाही. आज्ञा आत्ताची आहे की कालची पुन्हा वाजवलेली, हे ठरवायला काही नाही. उरला तो क्रमांक. तो पंपाच्या मागच्या लेबलावर छापलेला असतो आणि वर प्रत्येक पॅकेटमधून उघडा हवेत जातो. एक पॅकेट ऐकलं की झालं.

मग हे आधी कुणाला दिसलं कसं नाही? निदान तीन सरकारी टेबलांवरून हा रेडिओ गेला होता. पेटंट कार्यालयाने विचारलं: हे नवं आहे का, या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं तर नाही ना? एफसीसी या दळणवळण आयोगाने विचारलं: ही लहर दुसऱ्या कुणाच्या रेडिओत ढवळाढवळ करते का? एफडीएने विचारलं: पंप सांगितलेला डोस बिनचूक देतो का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आज्ञा देणारा कोण आहे, हे विचारणं यांपैकी कुणाचंच काम नव्हतं. मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते, कारण कुणी कामचुकारपणा केल्याचा पुरावा इथे लागतच नाही.

२०११: पंप घालणाऱ्यानेच पंप उघडला

जे रॅडक्लिफ हे सुरक्षा संशोधक, आणि स्वतः टाइप १ मधुमेही. ऑगस्ट २०११ मध्ये लास व्हेगसच्या ब्लॅक हॅट या सायबर सुरक्षेच्या परिषदेत त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या पंपाची सेटिंग्ज रेडिओवरून बदलता येतात हे मांडलं. त्यासाठी पंपाचा क्रमांक ठाऊक असावा लागत होता. कंपनीचं नाव त्यांनी आधी घेतलं नाही. काही आठवड्यांनी घेतलं. त्याच वर्षी चुनशियाओ ली, आनंद रघुनाथन आणि नीरज झा यांच्या शोधनिबंधात इन्सुलिन पंपावरच्या अशाच हल्ल्यांचा अभ्यास आला. त्यांनी उपायही सुचवले, त्यातला एक म्हणजे गाडीच्या रिमोट किल्लीत असतो तसा दर वेळी बदलणारा संकेत.

ऑक्टोबर २०११ मध्ये बार्नबी जॅक या सुरक्षा संशोधकाने क्रमांकाची अटही काढून टाकली. जवळपासचा पंप शोधायचा, त्याचा क्रमांक हवेतूनच मिळवायचा आणि आज्ञा द्यायची. हे सगळं सुमारे ३०० फुटांवरून. पॅराडाइमच्या मोठ्या मॉडेलमध्ये ३०० युनिट इन्सुलिन मावतं. अनेक रुग्णांना इतकं इन्सुलिन कित्येक दिवस पुरतं. ते एकदम गेलं तर काय होईल, हे मधुमेहाच्या डॉक्टरला समजावून सांगावं लागत नाही.

असा शोध घेणारी माणसं सुरुवात कुठून करतात? बहुतेकदा सार्वजनिक कागदांपासून. उपकरणाच्या पाठीवर एफसीसीचा क्रमांक असतो; तो टाकला की फ्रिक्वेन्सी आणि चाचणी अहवाल समोर येतात. पेटंटात यंत्र कसं चालतं ते आकृत्यांसह असतं, कारण पेटंटचा व्यवहारच तो आहे: शोध जाणकाराला पुन्हा करता येईल इतका उघड लिहायचा आणि बदल्यात अर्जापासून साधारण वीस वर्षं त्यावर हक्क मिळवायचा. अर्जसुद्धा सहसा अठरा महिन्यांत प्रसिद्ध होतो.

यावर 'मग पेटंट घेऊच नका, गुपित ठेवा' असा सल्ला ऐकू येतो. मला तो साफ चुकीचा वाटतो, आणि त्याचं सर्वांत चांगलं उत्तर नेटवर्क सुरक्षेच्याच एका पेटंटात आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांच्या कूटपद्धतीचं अमेरिकी पेटंट ४,४०५,८२९ सप्टेंबर १९८३ मध्ये मंजूर झालं. पद्धत अथपासून इतिपर्यंत छापलेली. कुणीही वाचावी, गणितं करून बघावीत. मुदत संपायच्या दोन आठवडे आधी, ६ सप्टेंबर २००० रोजी, हक्क असलेल्या कंपनीने ती सर्वांना खुली केली, आणि ती जगभर वापरली गेली ती कागद उघडा असतानाच. कारण तिथे गुपित पद्धतीत नव्हतं, किल्लीत होतं. किल्ली बदलता येते. पंपाच्या रेडिओत लपवण्यासारखी किल्लीच नव्हती. होती ती भाषा, आणि भाषा चार संदेश ऐकून शिकता येते.

कंपनीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पॅराडाइम एका ट्रिपल-ए सेलवर चालायचा. आतला प्रोसेसर मामुली. सॉफ्टवेअरमधला बदल एफडीएच्या चौकटीत बसवायचा म्हणजे नवी कागदपत्रं, नव्या चाचण्या. १९९९ मध्ये वैद्यकीय उपकरणावर रेडिओ हल्ला ही कल्पना ऐकून बैठकीत बहुतेकांनी विषय बदलला असता. पण पेटंटचा किंवा पैशांचा अडसर होता असं म्हणता येत नाही. बदलता संकेत गाड्यांच्या किल्ल्यांत नव्वदच्या दशकातच आला होता. एईएस ही कूटपद्धत नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकी प्रमाण म्हणून जाहीर झाली, कुणालाही फुकट. २०११ नंतर तर अज्ञानाची सबबही उरली नाही. रिकॉल व्हायला त्यानंतर आठ वर्षं लागली.

मधल्या काळात कागद हलत होते. अमेरिकी संसदेच्या सदस्यांनी चौकशी मागितली. ऑगस्ट २०१२ मध्ये संसदेच्या लेखापाल कार्यालयाने एफडीएला उपकरणांच्या माहिती-सुरक्षेकडे जास्त लक्ष द्यायला सांगितलं. २०१४ आणि २०१६ मध्ये एफडीएने मार्गदर्शक सूचना काढल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने आपल्या वनटच पिंग पंपातल्या अशाच दोषाबद्दल सुमारे १,१४,००० रुग्णांना स्वतःहून पत्रं पाठवली. तो दोषही रॅडक्लिफ यांनीच दाखवला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये मिनीमेडच्या रिमोटचे संदेश टिपून पुन्हा वाजवता येतात, अशी सूचना अमेरिकी सरकारने प्रसिद्ध केली. त्यामागे बिली रिओस आणि जोनाथन बट्स हे संशोधक होते.

तोच दरवाजा, दुसरे पाहुणे

आता त्या वापरलेल्या पंपांच्या खरेदीदारांकडे येऊ.

टाइप १ च्या माणसाला साखर सांभाळण्याचं काम रात्रीही सुटत नाही. सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतो, पंप इन्सुलिन देतो, पण मधला हिशेब माणसाने करायचा. झोपेतून उठून करायचा. सेन्सरने पंपाशी थेट बोलावं हे उघड होतं. बाजारात तसं काही मिळत नव्हतं. 'आम्ही थांबणार नाही' या घोषणेखाली २०१३ पासून रुग्ण आणि पालक एकत्र यायला लागले. डेना लुईस, स्कॉट लायब्रँड आणि बेन वेस्ट यांनी २०१५ मध्ये ओपनएपीएस हा प्रकल्प जाहीर केला: छोटा संगणक सेन्सरचा आकडा घेतो, हिशेब करतो आणि पंपाला आज्ञा देतो. पंपाची रेडिओ भाषा उलगडण्यात वेस्ट यांचा वाटा मोठा. पुढे आयफोनवर हेच काम करणारं लूप नावाचं ॲप आलं, आणि फोनचं ब्लूटूथ पंपाच्या ९१६ मेगाहर्ट्‌झच्या बोलीत बदलणारी रायलीलिंक नावाची खिशात मावणारी डबी.

हे सगळं चालत होतं त्याच उघड्या पॅकेटांवर. हल्लेखोर आणि मुलाची आई, दोघांच्या पॅकेटमध्ये पंपाला फरक दिसायचं कारणच नव्हतं.

फरक होता तो रचनेत, आणि तो बघण्यासारखा आहे. ओपनएपीएसच्या मूळ आराखड्यात एकदम मोठा बोलस देण्यापेक्षा तात्पुरता बेसल दर बदलण्यावर भर होता, तोही अर्ध्या तासासाठी, वर कमाल मर्यादा घालून. दर पाच मिनिटांनी हिशेब नव्याने. फोन बंद पडला, डबी घरी राहिली, रेडिओ तुटला, तर अर्धा तास संपताच पंप डॉक्टरांनी ठरवलेल्या नेहमीच्या दरावर परत. म्हणजे आपली यंत्रणा मरू शकते हे गृहीत धरूनच ती बांधलेली. हा आराखडा त्यांनी साध्या भाषेत सर्वांसाठी प्रसिद्ध केला. पेटंटच्या दृष्टीने त्याचा एक उपपरिणाम असा की जे आधीच प्रसिद्ध आहे त्यावर नंतर येणाऱ्याला 'हे नवं' म्हणून हक्क सांगता येत नाही.

कोणते पंप चालतील याची यादी या मंडळींमध्ये तोंडपाठ असायची: ५१५ आणि ५२२ सारखी जुनी मॉडेलं, ५२३ असेल तर सॉफ्टवेअर २.४ए किंवा त्याआधीचं, ५५४ असेल तर २.६ए किंवा आधीचं. नंतरच्या आवृत्त्यांत वाट बंद झाली होती. आता एफडीएची जून २०१९ ची धोकादायक पंपांची यादी शेजारी ठेवा. दोन्ही जवळजवळ एकच आहेत.

एफडीएची बाजू हलकी नव्हती. रिकॉलच्या महिनाभर आधी, १७ मे २०१९ रोजी, तिने मान्यता नसलेली मधुमेह उपकरणं वापरू नका असा वेगळा इशारा दिला होता. अशा जुळणीत चुकीच्या आकड्यांवरून पुन्हा पुन्हा जास्त इन्सुलिन गेल्याची एक घटना तिच्याकडे नोंदवली गेली होती. उलट रेडिओ हल्ल्याने कुणाला इजा झाल्याची खात्रीची एकही नोंद जूनच्या इशाऱ्यापर्यंत नव्हती. रुग्णांना दिलेला सल्ला वाचला की या प्रकरणाचा गाभा पुन्हा समोर येतो: पंप आणि त्याला जोडलेली साधनं कायम आपल्या ताब्यात ठेवा, पंपाचा क्रमांक कुणाला सांगू नका. पेटंटात जो ओळखीसाठी होता, तो क्रमांक वीस वर्षांनी अधिकृतपणे पासवर्ड झाला होता. दर पॅकेटमध्ये उघडा जाणारा पासवर्ड.

रिकॉल करायला हवं होतं का? माझ्या मते हो, आणि बरंच आधी. पण 'नवा पंप घ्या' हे उत्तर अपुरं होतं. ज्याची रात्रीची झोप त्या जुन्या पंपावर उभी आहे, त्याच्या दृष्टीने न घडलेल्या हल्ल्यापासून वाचण्यासाठी रोज मिळणारा फायदा सोडायचा होता. कंपनीचा स्वतःचा ६७०जी हा बेसल आपोआप सांभाळणारा पंप २०१६ मध्ये मान्य झाला होता, पण त्यात हिशेब कंपनीचा, सेन्सर कंपनीचा. दरवाजा बंद करणं आणि मालकाला किल्ली देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं.

दुसऱ्याची सुरुवात दुसरीकडून झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये एफडीएने पंपांचा एक नवा वर्ग केला: दुसऱ्याच्या नियंत्रकाशी सुरक्षितपणे बोलू शकणारा पंप. टँडम या कंपनीचा टी-स्लिम एक्स२ त्यात पहिला. रुग्णांच्या लूपवर आधारलेल्या टाइडपूल लूपला जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, खुल्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्रणेची न्यूझीलंडमधली ९७ जणांची चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. ती वापरणाऱ्या गटात साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा काळ ६१.२ वरून ७१.२ टक्क्यांवर गेला. आणि २९ डिसेंबर २०२२ च्या कायद्याने नेटला जोडल्या जाणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणाच्या अर्जासोबत सुरक्षेची योजना, दुरुस्ती पोचवण्याची सोय आणि आतल्या सॉफ्टवेअर घटकांची यादी देणं सक्तीचं केलं. आज्ञा देणारा कोण, हा चौथा प्रश्न आता एका टेबलावर तरी आहे.

नुसता एक बदलता आकडा किती फरक पाडतो, ते ऑम्निपॉडवरून दिसतं. अंगाला चिकटवायच्या या जुन्या पंपाच्या, म्हणजे पॉडच्या, संदेशांतही भरभक्कम कूटलेखन नव्हतं, पण महत्त्वाच्या आज्ञेसोबत दर वेळी बदलणारा आकडा लागायचा. तो कसा बनतो हे ऐकून कळेना. शेवटी केंब्रिजच्या सर्गेई स्कोरोबोगाटोव्ह यांनी पॉडमधली चिप उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातला कोड वाचून काढला, त्यावर स्वयंसेवकांनी पुढे काम केलं, आणि एप्रिल २०१९ मध्ये, रिकॉलच्या दोन महिने आधी, लूप ऑम्निपॉडवर चालू लागला. जुने मिनीमेड परत करणाऱ्यांना तोवर निदान एक दुसरी वाट तयार होती.